घर कोठे असावे?

मनुष्याला घर कशासाठी लागते, या प्रश्नाला ‘ऊनपावसापासून रक्षण व्हावे म्हणून’ एवढेच उत्तर देऊन पुष्कळांचे समाधान होते. १९९० साली महाराष्ट्रातून गेलेल्या शांतीस्टार बिल्डर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मात्र या विषयाचा अधिक खोल विचार केला. पशूला निवारा हवा तो देहरक्षणापुरता, परंतु मनुष्याला शरीर, मन आणि बुद्धी यांची सर्वांगीण वाढ होऊ शकेल असे निवासस्थान मिळाले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. अशी वाढ कोणत्या परिस्थितीत होते आणि कोणत्या परिस्थितीत खुंटते, हे समजून घ्यावयाचे असेल, तर हे न्यायालय ज्या दिल्लीत आहे तिच्याच परिसरातील वसाहतींचा इतिहास पाहावा.

१९४१ साली सुमारे ९ लाख वस्ती असलेली दिल्ली फाळणीनंतरच्या, १९५१ च्या शिरगणतीत १७ लाखांपलीकडे गेली. पुराना किल्ला, हुमायूनची कबर, किंग्जवे कॅम्प येथे निर्वासितांच्या छावण्या पडल्या. त्याच काळात बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान अशा सरहद्द प्रांतातील मुलखातून आलेल्या निर्वासितांनी अलवर-भरतपूरकडे जाण्याची सरकारी तजवीज नाकारली, आणि अखेर दिल्लीच्या दक्षिणेस फरिदाबाद येथे त्यांच्यासाठी नवे नगर उभारण्याचे ठरले. त्याच्या विकास मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते, प्रशासनाची धुरा सुधीर घोष यांच्याकडे होती, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने निर्वासितांच्याच सहकारी संस्था स्थापून घरबांधणीचे काम ठेकेदारांऐवजी त्यांच्या हाती सोपविले. ज्यांतील अनेकांची हयात दुकानदारीत गेली होती, असे लोक स्वतःच्या घरांच्या भिंती रचू लागले. छावणीतील फुकटच्या शिध्याच्या जागी श्रमाची मजुरी आली, आणि तिच्याबरोबर गमावलेला आत्मविश्वासही आला. घरांसोबत शाळा, वीजकेंद्र आणि बादशहा खान यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. पुढे सहकाराचा तो प्रयोग सरकारी यंत्रणेने आटोपता घेतला, ही खेदाची गोष्ट होय. पण त्या नगराचे उद्योगनगरीत रूपांतर झाले.

याच्या उलट चित्र पुढील दशकांत दिसले. आणीबाणीत झोपड्या पाडून लोकांना त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, मंगोलपुरी अशा वसाहतींत २५ चौरस यार्डांचे तुकडे देण्यात आले. २००४ साली यमुना पुश्ता, म्हणजे यमुनेच्या बांधावरची वस्ती उठवून तेथील अनेक कुटुंबांना बवाना येथे नेले. २००६ पासून वसलेल्या सावदा घेवरा येथे तर भूखंड १२.५ आणि १८ चौरस मीटरांचेच होते. साडेबारा चौरस मीटर म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट! एवढ्यात चूल मांडावयाची, म्हाताऱ्या आजाऱ्याला निजवावयाचे, मुलाने अभ्यास करावयाचा आणि वयात आलेल्या मुलीने आडोसा शोधावयाचा. शहराच्या मध्यापासून तीसएक किलोमीटर दूर गेल्यावर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची मिळकत बसच्या भाड्यात आणि प्रवासाच्या तासांत विरून जाते. बहुधा तिचे काम सुटतेच. शौचालय सार्वजनिक असले म्हणजे अंधार पडल्यावर स्त्रिया तेथे जावयास कचरतात, पाणी पिणेही कमी करतात, आणि त्याची किंमत त्यांचे शरीर चुकविते. जुन्या वस्तीत आजारपणी धावून येणारी शेजारीण, उधार देणारा वाणी आणि कामाची खबर आणणारा गाववाला यांचा जो आधार होता, तोही या स्थलांतरात तुटतो.

मालकीची शाश्वती ही तितकीच महत्त्वाची बाब होय. उद्या बुलडोझर येईल, अशी धास्ती असलेला माणूस पक्की भिंत बांधीत नाही, खिडकी काढीत नाही, शौचालयावर पैसा घालीत नाही. हातात भक्कम दस्तऐवज आला की तोच माणूस वर्षावर्षाला घर वाढवू लागतो. २०१९ साली केंद्र सरकारने दिल्लीतील १७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क देण्याचा कायदा केला, त्याचे मोल या दृष्टीने पाहावे.

गरीब माणूस गैरसोय सोसूनही शहराच्या मध्यभागी राहतो, कारण त्याची भाकरी तेथे असते, हे सत्य सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच, मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात मान्य केले होते. दिल्लीत कालकाजी येथे भूमिहीन कॅम्प या झोपडवस्तीतील कुटुंबांसाठी बांधलेल्या ३०२४ सदनिकांचे २०२२ साली उद्घाटन झाले. झोपडीच्या आसपासच पक्के घर देण्याची ती दिशा योग्य आहे.

मुंबई, ठाणे, पुणे येथेही पुनर्वसनाच्या योजना नित्य जाहीर होतात आणि किती सदनिका बांधल्या याचे आकडे प्रसिद्ध होतात. प्रत्येक सुजाण नागरिकाने त्या वेळी आणखी तीन प्रश्न विचारावेत, अशी कळकळीची विनंती आहे: तेथून काम किती दूर आहे, घराचा कागद कोणाच्या नावे आहे, आणि योजना आखताना तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले होते काय?