रबराचा उशीर

कलाशाखेच्या अंकात रेणूंचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला मी 1986 सालाची आठवण देईन. 28 जानेवारीला अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले. सात माणसे गेली. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे त्या सकाळच्या थंडीत सांध्याची फट वेळेवर भरू शकले नव्हते. पुढे चौकशी आयोगासमोर रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा पकडीत आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. पकड सोडली तरी तो लगेच पूर्ववत झाला नाही. रबर गोठून दगड झाले नव्हते. त्याला उशीर होत होता, एवढेच.

हा उशीर रेणूंचा. रबराचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची लांब साखळी, आणि अशा असंख्य साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. उष्णतेने त्या सतत वळवळतात, थंडीत मंदावतात. ही वळवळ सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मग ती मोजायची कशी?

साखळीवरील हायड्रोजनची अणुकेंद्रे म्हणजे इवलीशी चुंबकेच. मोठ्या चुंबकात ती भोवऱ्यासारखी डोलतात, 1.4 टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे 6 कोटी वेळा. रेडिओ तरंगांचा नेमका झटका दिला की ती एका तालात येतात. हेच चुंबकीय अनुस्पंदन. खरी गंमत मात्र झटका थांबल्यावर आहे. ताल किती वेळात मोडतो आणि घेतलेली ऊर्जा किती वेळात परत जाते, हे दोन शिथिलन काल साखळीची चाल सांगतात.

ताल मोडतात ते शेजारी. साखळी थिजलेली असेल तर प्रत्येक अणुकेंद्राला शेजाऱ्याचा त्रास कायमचा, आणि ताल सेकंदाच्या सुमारे लाखाव्या भागात मोडतो. साखळी भराभर वळवळत असेल तर हे त्रास एकमेकांना पुसून टाकतात. मऊ रबरात ताल सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकतो.

ऊर्जेचा हिशेब मात्र सरळ नाही, आणि मला तोच अधिक मोहक वाटतो. झोपाळ्याला धक्का त्याच्याच लयीत द्यावा लागतो, तसेच येथे. वळवळीचा वेग त्या 6 कोटींच्या जवळपास आला की ऊर्जा सर्वांत लवकर परत जाते. त्याहून फार मंद किंवा फार वेगवान हालचाल निरुपयोगी. ब्लूमबर्गन, पर्सेल व पाउंड यांनी हे 1948 साली मांडले. म्हणून एकच आकडा फसवा असतो: साखळी सुस्त आहे की चपळ, हे त्यावरून कळत नाही. तापमान बदलत जाऊन आलेखातील दरी शोधावी लागते. दरी सापडली की त्या तापमानाची चाल हाती आली! रबरात ही दरी पसरट व उथळ येते, कारण तेथे एकच वेग नसतो. जवळचे दुवे झटपट हलतात, अख्खी साखळी मात्र गुंत्यातून सापासारखी सावकाश सरकते.

गंधक घालून रबर पक्के केले की साखळ्यांना एकमेकींशी गाठी पडतात. गाठींमध्ये अडकलेला तुकडा कितीही वळवळला तरी सर्व दिशांना मोकळा फिरत नाही. शेजाऱ्यांचा थोडा त्रास उरतोच, आणि ताल लवकर मोडतो. त्यावरून टायरच्या रबरात गाठी किती दाट आहेत, हे ते न ताणता, न विरघळवता ताडता येते.