पार्लर येणं वेगळं, पार्लर शिकवणं वेगळं

पुण्याच्या कसबा पेठेतून मी तुमच्याशी बोलते आहे. बचत गटांच्या बैठकांना गेलं की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, मला पार्लरचं काम येतं. आता गावातल्या मुलींना शिकवायचंय. त्याला काय करावं लागतं?" आज त्याविषयी बोलू.

आमच्या पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालायची कला तिथं घरातच शिकली गेली. मुलगा बापाशेजारी बसायचा आणि बघता बघता त्याचा हात बसायचा. त्याच्यापाशी वर्षं होती. तुमच्या वर्गात मात्र वीस मुली असतील आणि हाताशी थोडेच महिने. तिथं 'माझं बघा आणि करा' एवढ्यानं भागत नाही. सावित्रीबाई फुल्यांचंच बघा. शेजारच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. स्वतःला लिहिता-वाचता येतं एवढ्यावर सावित्रीबाई थांबल्या नाहीत. अहमदनगरला आणि पुण्याला त्यांनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं.

मग शिकवायला शिकायचं म्हणजे काय? निदेशकांच्या प्रशिक्षणात धड्याच्या चार पायऱ्या सांगतात. पहिली तयारी, दुसरी दाखवणं, तिसरी मुलींकडून करून घेणं आणि चौथी तपासणं. आयब्रोचंच उदाहरण घ्या. तयारी म्हणजे दोरा, कात्री, कापूस, आरसा जागेवर आहे का आणि मुलींना आधीचं किती येतं, हे बघणं. दाखवताना हात सावकाश चालवायचा आणि कारणही सांगायचं : कातडी ताणून का धरायची, केस कोणत्या दिशेनं काढायचा. मग मुलींनी आधी स्वतःच्या पायावर दोरा चालवायचा, नंतर एकमेकींवर. शेवटी दोन्ही भुवया सारख्या झाल्या का, कातडी कापली का, हे ठरलेल्या यादीवरून तपासायचं. "छान झालंय" म्हणून सोडून द्यायचं नाही.

हे सगळं कशासाठी, तर या कामात दुसऱ्याच्या अंगाला हात लागतो. एका पार्लरवालीची चूक तिच्या गिऱ्हाइकापुरती राहते. शिकवणारीची चूक वीस मुली वीस गावांत नेतात. केसांच्या बऱ्याच काळ्या रंगांत आणि काळ्या मेंदीतही पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्यानं चेहरा सुजण्याइतकी रिॲक्शन येते. आधी दहा वेळा रंग लावून काही झालं नाही, म्हणून अकराव्यांदा होणार नाही असं नसतं. म्हणून कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावायचा आणि ४८ तास वाट बघायची. खाज, लाली, सूज आली तर तो रंग लावायचाच नाही. ब्लेडचंही तसंच. कावीळ बी-चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून प्रत्येक बाईला नवं ब्लेड. शिकवणारीनं हे रोज स्वतः पाळलं, तरच मुली पाळतात.

आता सरकारी रस्ता सांगते. पहिली पायरी दहावी. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. दुसरी पायरी आयटीआयचा 'कॉस्मेटॉलॉजी' हा एक वर्षाचा ट्रेड. पूर्वी त्याला 'बेसिक कॉस्मेटॉलॉजी' म्हणत. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे लेकीबरोबर आईनंही अर्ज करायला हरकत नाही. तिसरी पायरी 'सीआयटीएस', म्हणजे शिल्प निदेशकांचं एक वर्षाचं प्रशिक्षण. त्याला देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. ट्रेडचं काम तर पक्कं करून घेतातच, शिवाय धडा आखणं, प्रात्यक्षिक दाखवणं, प्रश्नपत्रिका काढणंही शिकवतात. मुंबईला महिलांसाठीची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. त्या वर्षी कॉस्मेटॉलॉजीच्या जागा कुठं आणि किती, हे प्रवेशाच्या माहितीत बघून घ्या. आयटीआयमध्ये निदेशक व्हायचं तर या प्रमाणपत्राच्या जोडीला कामाचा अनुभवही मागतात. म्हणून आजपासून कामाची वही ठेवा : तारीख, काम, पैसे.

इतकी वर्षं देणं जमणार नसेल तर जवळचे रस्तेही आहेत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण मोफत मिळतं, राहण्याजेवणाची सोयही असते. तिथं शिकवायला बाहेरून जाणकार बायका बोलावतात. कमी शिकलेल्यांसाठी जन शिक्षण संस्था आहेत. त्यांची सुरुवात १९६७ साली मुंबईत वरळीला 'श्रमिक विद्यापीठ' या नावानं झाली. आणि सरकारी कौशल्य योजनांच्या वर्गांवर शिकवायचं तर ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं प्रशिक्षकांचं प्रमाणपत्र उपयोगी पडतं.

एक सावधगिरी. 'पंधरा दिवसांत टीचर व्हा' अशा जाहिराती गावोगावी लागतात. आमच्या एका गटातल्या ताईंनी गटाचं कर्ज काढून असा कोर्स केला. चकचकीत कागद मिळाला, पण नोकरीच्या जागी कुणी तो धरला नाही. हप्ते मात्र चुकले नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा : प्रमाणपत्र कोण देतं? ते सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं का? आणि शिकवण्याचा सराव प्रत्यक्ष वर्गावर किती दिवस करून घेणार? उत्तरं तोंडी घेऊ नका, लिहून मागा. लिहून द्यायला कुणी कां-कूं केलं तर उठून या.

खेड्यातली मुलगी पार्लर शिकायला रोज एसटीनं तालुक्याला जाते. तिकीट, वेळ आणि घरच्यांची परवानगी, यातलं एक तुटलं की शिक्षण सुटतं. गावातच रीतसर शिकलेली बाई असेल, तर ते सुटणार नाही. पुढच्या बैठकीत विचारा : आपल्या गटात दहावी झालेली आणि हातात कला असलेली कोण आहे? तिचं नाव वहीत लिहा. आणि आयटीआयचा फॉर्म भरायला तिच्याबरोबर कोण जाणार, तेही त्याच बैठकीत ठरवा.