क्लाउडवरील ध्वनिमुद्रणे आणि फोल्डरांची रचना

बोलींच्या अभ्यासासाठी जमविलेली ध्वनिमुद्रणे व चित्रफिती आता बहुधा ‘क्लाउड’वर, म्हणजे महाजालावरून गाठता येणाऱ्या दूरच्या संगणकांवर, ठेविल्या जातात. तेथे फायली फोल्डरांत लावणे ही केवळ आवराआवर समजली जाते. वस्तुतः फोल्डरांची रचना हे एक वर्गीकरणच होय; आणि सामग्रीच्या विवेचनापूर्वीच ते केले गेले, तर जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरल्यासारखे होते.

गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याचा परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बालाघाटला लागून असून, त्यात मराठी व हिंदी यांच्याबरोबर पोवारी आणि गोंडीही बोलल्या जातात. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या १९०४ मधील सहाव्या खंडात पोवारीला पूर्व हिंदीखाली स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेनेही ती हिंदीखालील मातृभाषांतच मोजली. आयएसओ ६३९-३ या संकेतसूचीत मात्र तिला ‘पीडब्ल्यूआर’ हा स्वतंत्र संकेत आहे. अशा स्थितीत पोवारीतून मराठीत सहज जाणाऱ्या वक्त्याचे मुद्रण ‘हिंदी’, ‘मराठी’ व ‘पोवारी’ यांपैकी कोणत्या फोल्डरात ठेवावे?

सेवांची घडण ही अडचण वाढविते. गूगल ड्राइव्हमध्ये पूर्वी एक फाइल अनेक फोल्डरांत ठेविता येत असे; २०२० च्या सप्टेंबरअखेरपासून तिला एकच स्थान उरले असून, अन्यत्र केवळ तिच्याकडे नेणारा ‘शॉर्टकट’ ठेविता येतो. अमेझॉनच्या एस-थ्री सेवेतील सर्वसाधारण संचयात तर खरे फोल्डर नसतातच. तेथे फोल्डर म्हणून दिसणारा मार्ग फाइलीच्या नावाचाच भाग असतो. म्हणून ‘फोल्डर बदलणे’ म्हणजे नव्या नावाची प्रत करून जुनी काढून टाकणे. आणि प्रबंधात दिलेला जुना दुवा त्याबरोबर निकामी होतो. या नावाची मर्यादा १०२४ बाइटांची असून देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट व्यापते. अर्थात नाव सुमारे ३४० चिन्हांत बसवावे लागते.

यास्तव फोल्डर ज्याविषयी मतभेद संभवत नाही अशाच गोष्टींवर आधारावेत: गाव, दिनांक व बैठक. उदाहरणार्थ, ‘कामठा / २०२६-०१-१४ / ०२’. वर्ष प्रथम लिहिल्याने क्रम कालानुसारी राहतो. आणि ‘२’ ऐवजी ‘०२’ लिहिल्याने दहावी बैठक दुसरीच्या आधी येत नाही. मूळ मुद्रणे व त्यांवरून केलेल्या संक्षिप्त प्रती यांचे फोल्डर निराळे असावेत. भाषा, विषय, वक्त्याचे वय इत्यादी तपशील मात्र एका स्वतंत्र तक्त्यात, प्रत्येक फाइलीस एक ओळ देऊन, नोंदवावेत. तक्त्यात एकाच मुद्रणापुढे तीन भाषा लिहिता येतात. पोवारीविषयीचे मत उद्या पालटले, तरी ओळ बदलते, फाइल हलत नाही.

फोल्डर ही परवानगीचीही सीमा असते. ड्राइव्हवर फोल्डर दुसऱ्यास खुला केला, की सामान्यतः त्यातील सर्व फायली त्यास खुल्या होतात. म्हणून ज्या मुद्रणांच्या प्रसारास वक्त्याने संमती दिलेली नाही, ती आरंभापासूनच स्वतंत्र, बंद फोल्डरात असावीत, आणि वक्त्याचे नाव फोल्डरावर कधीही नसावे. फोल्डराने वस्तू कोठे आहे व ती कोणास पाहता येते, एवढेच सांगावे. ती काय आहे, हे सांगण्याचे काम संशोधनाचे आहे.