दसऱ्याचा दुसरा दिवस

दसऱ्याच्या सुमारास वऱ्हाडात सोयाबीनची सोंगणी सुरू असते. परतीचा पाऊस डोक्यावर, शेंगा तडकायच्या बेतात, आणि शेतकरी मजुरांच्या दारोदार फिरत असतो. अशा दिवसांत घरी राहणं म्हणजे ऐन हंगामात रोज पाडणं. तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तेल्हारा, अकोट, बाळापूर, पातूर, बार्शिटाकळी, मूर्तिजापूर अशा सगळ्या बाजूंनी माणसं अकोल्याकडे निघतात. एसटी, काळीपिवळी, मेटॅडोर, जे मिळेल ते. बायांच्या अंगावर पांढरी लुगडी, लेकरांच्या हातात पंचशीलाचे झेंडे, पिशवीत भाकर आणि ठेचा. "काहून बाप्पा, आज वावरात नाही?" असं वाटेत कोणी विचारत नाही. आज अकोल्याला धम्ममेळावा आहे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

अकोला क्रिकेट क्लबचं मैदान संध्याकाळपर्यंत भरून जातं. इतकी माणसं पंढरपुरातही जमतात, तेव्हा नुसत्या गर्दीचं नवल नको. मला नवल वाटतं ते या सणाच्या वयाचं. पोळा किती जुना, कोणी सांगू शकत नाही. दिवाळीचं तर विचारूच नका. पण या सणाचा पहिला दिवस पाहिलेली, तेव्हा आईच्या कडेवर असलेली माणसं आजही गावोगाव आहेत. सण जन्माला येताना पाहायला मिळणं ही फार थोड्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट.

तो दिवस 14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमी. नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरहून आलेल्या वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मग ते समोरच्या काही लाख लोकांकडे वळले आणि त्यांना स्वतः दीक्षा दिली. बहुतेक आकडे चार-पाच लाखांच्या घरात जातात. अकोला-अमरावतीकडची माणसं बडनेऱ्याहून, मूर्तिजापूरहून रेल्वेने गेली, कित्येक बैलगाडीने आणि पायी. अकोल्याहून अडीचशे किलोमीटरची वाट. पोहोचायला उशीर झालेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी, 15 तारखेला, पुन्हा दीक्षा झाली, आणि बाबासाहेबांचं ते गाजलेलं लांबलचक भाषणही त्याच दिवशीचं. त्यामुळे अकोल्याने दसऱ्याचा दुसरा दिवस धरला तो काही उरलासुरला दिवस नाही. सोयही अशी की, आदल्या रात्री नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेला माणूस घरी जाता जाता अकोल्याला उतरू शकतो.

असाच एक सण पाहायला आता जरा अमेरिकेत जाऊन येऊ. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन गावात 19 जून 1865 रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी एक हुकूम जाहीर केला: सगळे गुलाम मुक्त आहेत. लिंकनची मुक्तीची घोषणा 1 जानेवारी 1863 ची. म्हणजे टेक्सासच्या शेतांपर्यंत ती पोहोचायला अडीच वर्षं लागली. तिथल्या काळ्या लोकांनी सणासाठी लिंकनच्या सहीची तारीख घेतली नाही, बातमी आपल्या कानावर पडली ती घेतली. जून आणि नाइन्टीन्थ हे शब्द एकमेकांत मुरवून त्याला नाव पडलं जूनटीन्थ. सहल, भाजलेलं मांस, लाल सरबत, कलिंगड, भजनं, पोरांचे खेळ. सार्वजनिक जागा मिळत नव्हत्या म्हणून ह्यूस्टनच्या मुक्त झालेल्या लोकांनी 1872 मध्ये वर्गणी काढून दहा एकर जमीनच विकत घेतली, खास या सणासाठी. तिचं नाव आजही मुक्तीचं उद्यान आहे. देशाने या दिवसाला सुट्टी दिली ती 2021 मध्ये.

ही मला दूरची गोष्ट वाटत नाही, कारण त्या जमिनीचा व्यवहार झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने गॅल्व्हस्टनची बातमी आपल्या घरची समजून वाचली होती.

पण दोन सणांत एक फरक आहे, आणि तो मला व्याकरणात सापडतो. ग्रेंजरचा हुकूम टेक्सासच्या जनतेला उद्देशून आहे, आणि त्याची बोली आपल्या तहसील कचेरीच्या नोटिशीची: कळवण्यात येते की. जे मुक्त झाले ते त्या वाक्यात बोलत नाहीत, त्यांच्याविषयी कोणीतरी तिसऱ्याला कळवतं. आपल्या संविधानाचं कलम 17 पाहा. संविधान सभेने ते 29 नोव्हेंबर 1948 रोजी मंजूर केलं. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असं ते सांगतं. इथेही कर्मणी प्रयोग. कायद्याला तसंच बोलावं लागतं, त्यात दोष नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे सांगायची गरज नाही.

त्याच बाबासाहेबांनी आठ वर्षांनी नागपुरात लोकांकडून जे वदवून घेतलं त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी' आहे. बावीस प्रतिज्ञा: मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. त्रिशरण-पंचशील पाली भाषेत आहे, पण त्यातही समादियामि हे क्रियापद प्रथमपुरुषी, एकवचनी: मी स्वीकारतो. लाखो माणसं एका वेळी बोलत होती आणि तरी कोणी 'आम्ही' म्हणत नव्हतं. प्रत्येकजण आपापल्यापुरतं बोलत होता. गावात ज्याने उभ्या जन्मात 'जोहार मायबाप' याखेरीज मोठ्याने काही म्हटलं नव्हतं, त्याने सकाळच्या उन्हात अडीच हजार वर्षं जुन्या भाषेत 'मी' म्हटलं.

म्हणून 29 नोव्हेंबरला वऱ्हाडात मेळावा भरत नाही. त्या दिवशी मुक्ती कळवण्यात आली होती. दसऱ्याला ती आपल्या तोंडाने म्हटली गेली, आणि म्हटलेली गोष्ट दरवर्षी पुन्हा म्हणता येते. मेळाव्यात भाषणं होतात, राजकारण होतं, टाळ्या-शिट्ट्या होतात, पण भाषणाआधी सगळं मैदान उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणतं ती काही मिनिटं मला या सणाचा गाभारा वाटतात. (गाभारा हा शब्द इथे चालणार नाही, हे माझ्या लक्षात आहे. दुसरा मिळेना.) चार वर्षांची पोरगी आजीच्या ओठांकडे पाहत तो पाली उच्चार जुळवत असते. तिला अर्थ कळत नाही, पण उभं राहून बोलायचं असतं हे कळतं.

गाभाऱ्यावरून अमरावती आठवली. 13 नोव्हेंबर 1927 रोजी तिथल्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब, प्रश्न अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा, आणि वऱ्हाडातल्या सवर्णांपैकी पाठीशी उभे राहिलेल्यांत डॉ. पंजाबराव देशमुख. परिषदेतच बाबासाहेबांच्या थोरल्या भावाच्या, बाळारामांच्या मृत्यूची तार आली. त्यांनी काम थांबवलं नाही. देवस्थानाच्या पंचांना मुदत देऊन सत्याग्रह पुढे ढकलला गेला. दार उघडा, असं तेव्हा मागितलं जात होतं. एकोणतीस वर्षांनी नागपुरात कोणाकडे काही मागितलंच गेलं नाही. अंबादेवीचं नवरात्र आणि अकोल्याचा मेळावा आज एकाच आठवड्यात येतात, आणि मेळाव्याला निघालेल्या पोराला देवळाच्या त्या दाराची गोष्ट बहुधा माहीत नसते. सांगायला हवी.

सण म्हटला की कोणीतरी राबतं. इथे पुजारी नाही, मानकरी नाही, देवस्थानाची पेटी नाही. आहे ती वर्गणी आणि माणसं. 1955 च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या गावोगावच्या शाखा महिनाभर आधीपासून हिशेबाला बसतात: किती गाड्या, किती बाया-माणसं, वाटेत पाणी कुठे. मैदानावर समता सैनिक दलाचे गणवेशातली पोरं-पोरी शिट्ट्या मारत रांगा लावतात. कोणी नोकरदारांची संघटना मसालेभात वाटते, कोणी डॉक्टर टेबल मांडून रक्तदाब तपासतो, कॉलेजची पोरं पाण्याचे जार खांद्यावरून वाहतात. ध्वनिक्षेपकावर मधूनच वऱ्हाडी सूर लागतो: लाल फ्राकातलं एक लेकरू इथे स्टेजजवळ आहे, मायनं येऊन घेऊन जावं. तेवढ्यापुरतं व्यासपीठावरचे पुढारीही गप्प बसतात, हे मला फार आवडतं.

या राबण्याला वऱ्हाडात जुनी ओळ आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 चं. गाडगेबाबा त्यानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गेले. दोघांचे रस्ते वेगळे. मेळाव्याच्या दुसऱ्या सकाळी मैदानावर खराटे घेऊन उतरलेली पोरं पाहिली की मात्र दोघं एकाच जागी आल्यासारखे वाटतात.

आणि बाया. वऱ्हाडातल्या बाया या सणात पंगतीला बसणाऱ्या म्हणून नाहीत, त्या तो चालवतात. 1942 च्या जुलैमध्ये नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. तिथे घटस्फोटाच्या हक्काचे ठराव झाले, हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी. त्या परिषदेला पोरं काखेत घेऊन गेलेल्यांच्या नाती आज गावच्या महिला मंडळाच्या वर्गणीची वही सांभाळतात. खर्चाचा एक रुपया चुकला तर अध्यक्षालाही सोडत नाहीत.

मैदानाच्या कडेला दुकानं लागतात. फुगे, पिपाण्या, गरम भजी, हे कोणत्याही जत्रेत. पण सगळ्यात दाट गर्दी पुस्तकांच्या पालांपुढे. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर पुस्तकांची चळत: 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', बाबासाहेबांची भाषणं, फुले, दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, स्पर्धा परीक्षांची गाईडंसुद्धा. जत्रेतून बत्तासे आणि देवाचा फोटो घरी न्यायचा हा आपला शिरस्ता. इथे मजुरी पाडून आलेली बाई पुस्तक नेते. तिला स्वतःला वाचता येत नसेल, तर नातवाला न्यायला सांगते आणि रात्री त्याच्याकडून वाचून घेते. शेजारच्या पालावर वामनदादा कर्डकांची गाणी वाजत असतात. सिन्नरकडच्या देशवंडीचा हा माणूस इथल्या इतका पाठ आहे की कित्येकांना तो वऱ्हाडचाच वाटतो.

एप्रिलमध्ये हेच सगळं दुसऱ्या रूपात होतं. 14 एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, अमरावतीचा इर्विन चौक आणि अकोल्याची अशोक वाटिका भरते, आधी 11 तारखेला फुले जयंती झालेली असतेच. तेव्हा वऱ्हाडात पारा बेचाळिसावर. म्हणून जयंती रात्रीची: तेराच्या रात्री बारा वाजता फटाके, चौकात सरबत, मठ्ठा, खीर. काही ठिकाणी पोरं सलग अठरा तास अभ्यासाला बसतात, जन्मदिवस साजरा करण्याची ही पद्धत मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत पाहिलेली नाही. मिरवणुकीतल्या डीजेचं मला कौतुक नाही. पण तो तक्रारीचा विषय वेगळा, आणि ती तक्रार गणपतीपासून सुरू करावी लागेल.

जयंतीची तारीख पक्की, मेळाव्याची मात्र फिरती. धम्मदीक्षा 14 ऑक्टोबरची, म्हणून काहीजण तीच तारीख पाळतात. पण लोकांनी मनाने धरला तो दसरा, कारण बाबासाहेबांनी अशोकाची विजयादशमी जाणून निवडली होती. दसरा तिथीने येतो, तिथी चंद्रावर चालते, म्हणून 2023 मध्ये तो 24 ऑक्टोबरला आला, 2024 मध्ये 12 तारखेला आणि 2025 मध्ये थेट 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीला. सोंगणी कधी मेळाव्याच्या आधी उरकते, कधी मधोमध अडकते. मग मुकादमाशी बोलणी करायची, पावसाचा अंदाज घ्यायचा, रोज कुठला पाडायचा ते ठरवायचं.

रात्री उशिरा पालं आवरायला लागतात तेव्हा पुढच्या वर्षाची कॅलेंडरं निम्म्या भावात मिळतात. एक बाई एक उचलते. वरचं बुद्धाचं चित्र ती नंतर पाहणार असते. आधी ती पानं उलटत ऑक्टोबरवर जाते आणि सोबतच्या पोराला म्हणते, "पाय बरं, दसरा कितीला हाये."