चमत्कारानंतरचे प्रश्न

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत, वरवंडवरून बारामतीला येते आणि सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते. ढोंगी साधूंची खरडपट्टी काढणाऱ्या तुकोबांच्या मागे चालणाऱ्या या मुलखाला भोंदू आणि भक्त यांतला फरक नवा नाही. याच वाटेवर चौफुल्याला केडगावचा फाटा लागतो. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. खोट्या संदेष्ट्यांना ओळखण्याच्या बायबलमधल्या कसोट्यांना तिथे मराठी आयुष्यात उतरावे लागले.

या कसोट्यांचा पाया यहुदी शास्त्रात आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' (Deuteronomy) ग्रंथाचा तेरावा अध्याय अवघड प्रश्न घालतो: एखाद्याने सांगितलेली खूण खरी ठरली, पण तो परक्या देवांकडे नेऊ लागला, तर? तर त्याचे ऐकायचे नाही. म्हणजे चमत्कार घडला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. अठरावा अध्याय उलट बाजू सांगतो: देवाच्या नावाने केलेले भाकीत फसले, तर त्या माणसाचा धाक बाळगू नका.

पण भाकीत खरे-खोटे ठरेपर्यंत काय करायचे? यिर्मया संदेष्ट्याच्या काळात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने भर मंदिरात जाहीर केले की बाबेलचे (बॅबिलोनचे) जू दोन वर्षांत मोडेल. लोकांना तेच ऐकायचे होते. तसे झाले तर बरेच, असे म्हणून यिर्मयाने बजावले की सुखाचे भाकीत करणाऱ्याची पारख ते घडल्यावरच होते. इस्राएलच्या अहाब राजाभोवती चारशे संदेष्टे एका सुरात विजय सांगत होते. एकटा मीखाया विरुद्ध बोलला. राजा लढाईत मारला गेला. मीखा या दुसऱ्या संदेष्ट्याने तर थेट पैशावर बोट ठेवले: जो खाऊ घालतो त्याला शुभ सांगायचे, जो देत नाही त्याच्यावर उठायचे, हा धंदा झाला.

यहुदी रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदमधली एक कथा याहून पुढे जाते. वादात आपले म्हणणे खरे ठरवण्यासाठी रब्बी एलिएझर यांनी झाड उपटवले, ओढा उलटा वाहवला, शेवटी आकाशवाणीही झाली. सभेने ती मानली नाही. धर्मशास्त्र आता माणसांच्या हाती आहे, निर्णय बहुमताने होईल, असे ठरले. इतकी जागरूक परंपराही फसू शकते. 1665-66मध्ये शब्बताई झ्वीला मसीहा मानून युरोपापासून येमेनपर्यंतचे यहुदी भारावले. सप्टेंबर 1666मध्ये त्याने ऑटोमन सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला.

ख्रिस्ती ग्रंथांनी हाच वारसा पुढे नेला. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू मेंढराच्या वेषातल्या लांडग्यांना त्यांच्या फळांवरून ओळखायला सांगतो. प्रेषित पौलाने सगळे पारखून चांगले तेवढे धरायला सांगितले. बिरुयाचे लोक तर खुद्द पौलाचेच बोलणे रोज शास्त्रात पडताळून पाहत, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक झाले. 'दिदाखे' ही आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीची पुस्तिका अगदी व्यवहारी आहे: फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकतो किंवा पैसे मागतो, तर तो खोटा.

रमाबाईंनी ही पारख आधी चर्चवरच चालवली. 1883मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. त्यात त्यांनी त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर प्रश्न विचारले आणि आपली सदसद्विवेकबुद्धी पाद्र्यांच्या हवाली करायला नकार दिला. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी केडगावात आश्रय दिला. 1905मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली: रडणे, मोठ्याने प्रार्थना, मग अनोळखी भाषांत बोलणे. टीकाही झाली. रमाबाईंनी या प्रकाराला नावे ठेवली नाहीत, पण अशा बोलण्याला पवित्र आत्म्याची अनिवार्य खूणही ठरवले नाही. मुलींच्या वागण्यात काय फरक पडला, याला त्यांनी महत्त्व दिले. हीच ती फळांची कसोटी.

त्यांचे मोठे काम मात्र वेगळेच. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचा मराठी अनुवाद केला. मुक्तीतल्या बायकांनी तो जुळवला, छापला. रमाबाई 1922मध्ये वारल्या, संपूर्ण बायबल 1924मध्ये निघाले. उपदेशकाचे म्हणणे स्वतः पडताळायचे, तर ग्रंथ स्वतःच्या हाती आणि स्वतःच्या भाषेत हवा.

भोंदूंच्या फसवणुकीविरुद्ध आज कायदाही आहे. महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा धर्म पाहत नाही. पैशासाठी चमत्काराचा दावा करणे, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायदा धर्मश्रद्धेच्या आत शिरत नाही, आणि शिरूही नये. तिथे काम शास्त्राच्याच कसोट्यांचे. बारामतीच्या प्रार्थनासभेत कोणी आजार बरा करतो म्हटले, तर ख्रिस्ती भाविकाने विचारावे: औषध बंद करायला सांगतो का? पैसा कुणाकडे जातो? शंका विचारली तर रागावतो का? असे विचारणे अश्रद्धा नव्हे; त्याच्या हातातला ग्रंथच ते विचारायला सांगतो.