बॅटमॅनचा मुलगा इतका डोक्यात का जातो? 'सन ऑफ बॅटमॅन'वरून प्रेक्षकांमधला वाद आजही का मिटत नाही

गॉथम शहरातली रात्र. बॅटमॅनला त्याची जुनी प्रेयसी तालिया भेटते. सोबत साधारण दहा वर्षांचा एक मुलगा असतो. ती सांगते, हा तुझा मुलगा, आता काही दिवस याला तू सांभाळ. मुलगा बापाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, की त्याला काही फारसं पसंत पडलेलं नाही.

२०१४ साली आलेल्या 'सन ऑफ बॅटमॅन' या अॅनिमेशनपटाची गोष्ट इथून सुरू होते. चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा. थिएटरमध्ये न येता तो थेट डिजिटल आणि डिस्कवर आला. पण त्यातल्या डेमियन वेन या पोराने प्रेक्षकांचे जे दोन तट पाडले, ते अजून तसेच आहेत. एका गटाच्या मते हा बॅटमॅनच्या जगातला सगळ्यात भारी रॉबिन आहे. दुसऱ्या गटाला वाटतं, या आगाऊ कार्ट्याच्या दोन कानाखाली द्यायला कुणीतरी हवं होतं.

हा डेमियन आहे तरी कोण?

डेमियनचे आजोबा म्हणजे रास अल घुल. मारेकऱ्यांच्या एका जुन्या, गुप्त संघटनेचा हा प्रमुख. लाझारस पिट नावाच्या कुंडात डुबकी मारून शेकडो वर्षं जगलेला. आई तालिया त्याची मुलगी. डेमियन याच संघटनेत वाढला, चालायला लागला तेव्हापासून हातात तलवार. जगावर राज्य करायला आपण जन्मलो आहोत हे त्याला इतक्या वेळा सांगितलं गेलंय, की त्यात शंका घेण्यासारखं काही असतं हेच त्याला ठाऊक नाही.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच स्लेड विल्सन म्हणजे डेथस्ट्रोक या संघटनेवर हल्ला करतो आणि त्यात रास मारला जातो. हा स्लेड एकेकाळी रासचा वारसदार मानला जायचा. पुढे रासची नजर बॅटमॅनवर गेली आणि स्लेड बाहेर फेकला गेला. म्हणजे खलनायकही एका अर्थाने नाकारलेला मुलगाच. डेमियनला आता आजोबांचा सूड घ्यायचाय, आणि त्याला शिकवलेला सूड एकाच प्रकारचा आहे. इकडे बापाचं संपूर्ण आयुष्य एका नियमावर उभं आहे: जीव घ्यायचा नाही.

ही गोष्ट मुळात कॉमिक्समधली. ग्रँट मॉरिसन यांनी लिहिलेली आणि अँडी क्युबर्ट यांनी चित्रित केलेली 'बॅटमॅन अँड सन' ही कथा २००६ मध्ये आली. त्याआधी १९८७ च्या 'सन ऑफ द डीमन' या पुस्तकात बॅटमॅन आणि तालियाला मूल होतं, पण तालिया त्याला गर्भपात झाल्याचं सांगते आणि बाळ दुसऱ्यांच्या घरी वाढतं. मॉरिसन यांनी तो धागा उचलला आणि पार बदलून टाकला. त्यांच्या कथेत बॅटमॅन म्हणतो की त्या रात्री त्याला गुंगीचं औषध दिलं होतं. मूलही प्रयोगशाळेत, नीट ठरवून 'घडवलेलं'. चित्रपट या भानगडीत फार वेळ घालवत नाही.

राग नेमका कशाचा?

सगळ्यात मोठी तक्रार सरळ आहे: पोरगा सहन होत नाही. घरी आल्या आल्या तो आल्फ्रेडला नोकरासारखा वागवतो. आल्फ्रेड म्हणजे बॅटमॅनला लहानाचा मोठा केलेला माणूस, त्यामुळे चाहत्यांना हे झोंबणारच. रात्री बापाला न सांगता बाहेर पडून तो संघटनेतल्या एका फितुराला गाठतो आणि जवळजवळ मारूनच टाकतो. नाइटविंग म्हणजे पूर्वीचा रॉबिन डिक ग्रेसन मध्ये पडतो म्हणून तो माणूस वाचतो. या दोघांची मारामारी कथेच्या ओघात पूर्ण दिसतच नाही, याचीही चाहत्यांना चुटपुट आहे. मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ पहिल्यांदा भिडतात, आणि तोच प्रसंग निसटतो.

दुसरी तक्रार डेथस्ट्रोकबद्दल. कॉमिक्समध्ये हा माणूस एकट्याने अख्ख्या सुपरहिरोंच्या टोळीला पुरून उरतो. इथे एक शाळकरी वयाचा मुलगा सुरुवातीलाच त्याचा डोळा फोडतो आणि शेवटी त्याला हरवतोही. डेमियनला मोठं दाखवण्यासाठी डेथस्ट्रोकला लहान केलं, असं हे प्रेक्षक म्हणतात. त्यात तथ्य आहे. मूळ कथेत डेथस्ट्रोक नाहीच. तिथे अर्धे वटवाघूळ अर्धे माणूस असलेल्या मारेकऱ्यांची फौज घेऊन उभी राहणारी खलनायिका खुद्द तालिया आहे.

आणि हा बदल वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. कॉमिक्समध्ये प्रश्न असा होता, की मुलाला हत्यार म्हणून वाढवणारी आईच समोर उभी असेल तर मुलगा कुणाच्या बाजूने जाईल? चित्रपटाने सगळा दोष बाहेरून आलेल्या एका माणसावर टाकला. त्यामुळे आजोबा आणि आई, ज्यांनी या पोराला असं केलं, ते जवळपास सुटले. रास तर चित्रपटात चक्क प्रेमळ आजोबा म्हणून आठवला जातो. अनेकांना चित्रपट 'ठीकठाक' वाटतो पण मनात राहत नाही, त्याचं एक कारण बहुधा हेच असावं.

तिसरी तक्रार बापाबद्दल, आणि ती सगळ्यात वजनदार आहे. आपल्याला दहा वर्षांचा मुलगा आहे हे एखाद्याला अचानक कळलं तर तो हादरेल, चिडेल, निदान खाली तरी बसेल. ब्रूस वेन मात्र ही बातमी नव्या केसची फाइल हातात आल्यासारखी घेतो. त्याचे समर्थक म्हणतात, तो असाच आहे, आठव्या वर्षी आईबापांचा खून डोळ्यांसमोर पाहिलेला माणूस भावना दाखवणार कशा? मुद्दा बरोबर आहे. पण सव्वा तासात वटवाघूळ-माणसं, शास्त्रज्ञ कर्क लँगस्ट्रॉम आणि त्याचं कुटुंब, किलर क्रॉक, डेथस्ट्रोक हे सगळं बसवताना बाप-लेकाला एकत्र बसून बोलायला जागाच उरलेली नाही, हेही तितकंच खरं.

त्यात २०१४ साली जुन्या चाहत्यांचा मूडही ठीक नव्हता. वर्षानुवर्षं केव्हिन कॉनरॉय यांचा आवाज म्हणजे बॅटमॅन, असं समीकरण होतं. त्याच वर्षीच्या 'जस्टिस लीग: वॉर'पासून नवी सलग मालिका सुरू झाली आणि जेसन ओमारा यांचा आवाज आला. 'सन ऑफ बॅटमॅन' हा त्यांचा दुसराच चित्रपट. काहींचा राग डेमियनच्या वाट्याला आला तो असा, दुसऱ्याच कुणाचा.

मग आवडतो तो कुणाला?

डेमियनच्या बाजूने बोलणारे त्याला उद्धट म्हणत नाहीत असं नाही. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. हा मुलगा लाडाने शेफारलेला नाही. ज्या घरात चूक झाली की शिक्षा आणि माणूस मारला की शाबासकी, अशा घरात तो वाढलाय. शाळा नाही, मित्र नाही, खेळणं नाही. जगात आज अनेक ठिकाणी लहान मुलांच्या हातात बंदुका दिल्या जातात, त्या मुलांपेक्षा डेमियन वेगळा कसा? फरक इतकाच, की त्याच्याकडे महाल आहे आणि तो तोऱ्यात बोलतो.

या नजरेने पाहिलं की चित्रपटातले काही प्रसंग वेगळे दिसतात. मुलगा रॉबिनचा पोशाख अंगावर चढवतो तेव्हा तो बापाला खूश करायचा प्रयत्न करत असतो, फक्त खूश कसं करतात हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शेवटी जखमी अवस्थेत तो डेथस्ट्रोकला हरवतो, तलवार हातात असते, आणि तो थांबतो. बापाच्या घरात काढलेल्या मोजक्या दिवसांचा हा परिणाम. इतक्या झटपट माणूस बदलतो का, असं विचारणारेही आहेत, आणि चित्रपटाची घाई पाहता त्यांचं चूक म्हणता येत नाही.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. डेमियनच्या चाहत्यांना नेमकं तेच खोटं ठरलेलं पाहायचं असतं.

याआधी एका 'वाईट' रॉबिनचं काय झालं होतं?

प्रेक्षकांचा राग किती टोकाला जाऊ शकतो, हे बॅटमॅनच्या जगाने आधी पाहिलंय. दुसरा रॉबिन जेसन टॉड. १९८७ नंतर त्याची कथा नव्याने लिहिली गेली आणि तो रस्त्यावर वाढलेला, बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला तापट मुलगा झाला. वाचकांना तो नकोसा होऊ लागला. १९८८ मध्ये 'अ डेथ इन द फॅमिली' या कथेत जोकर त्याला बेदम मारतो, स्फोट होतो आणि अंक संपतो. पुढे काय, हे वाचकांनी ठरवायचं होतं. दोन फोन नंबर दिले होते, एक तो जगावा म्हणून आणि दुसरा मरावा म्हणून. एका फोनला ५० सेंट.

निकाल आला: मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. फक्त ७२ फोनच्या फरकाने एक मुलगा मेला.

गंमत पुढे आहे. याच जेसनला कॉमिक्सने २००५ मध्ये परत आणलं. २०१० चा 'बॅटमॅन: अंडर द रेड हूड' हा त्याच्या परत येण्यावरचा अॅनिमेशनपट आजही चाहत्यांच्या आवडत्या चित्रपटांमध्ये धरला जातो. ज्याच्या मरणासाठी पैसे मोजून फोन केले, त्याच मुलाने नंतर बापाला जाब विचारला आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डेमियनचंही थोडं तसंच झालं. २००६ च्या कथेत त्याने एका गुंडाचं मुंडकं उडवलं होतं आणि तेव्हाचा रॉबिन टिम ड्रेक याला बेदम मारलं होतं. टिमच्या चाहत्यांनी त्याला कधीच माफ केलं नाही. पण २००९ पासून डिक ग्रेसन बॅटमॅन आणि डेमियन रॉबिन अशी जोडी आली आणि मत बदलायला लागलं. गंभीर बॅटमॅन आणि हसरा रॉबिन ही नेहमीची मांडणी इथे उलटी झाली होती. २०१३ मध्ये कॉमिक्समध्ये डेमियन मारला गेला, तोवर त्याच्यासाठी हळहळणारे वाचक तयार झाले होते. चित्रपट आला तो नेमका याच सुमारास. मूळ कथेत मुलगा गेलेला, आणि पडद्यावर मात्र तो येतोय. त्यामुळे कॉमिक्स वाचणाऱ्यांनी आणि फक्त चित्रपट पाहणाऱ्यांनी एकच मुलगा पाहिला असं म्हणणंच अवघड आहे. (२०१४ संपता संपता कॉमिक्सनेही त्याला परत आणलं. हे जग तसं आहे.)

सहा वर्षांत मत कसं फिरलं?

'सन ऑफ बॅटमॅन'नंतर डेमियनला पुढचे चित्रपट मिळाले. 'बॅटमॅन व्हर्सेस रॉबिन' (२०१५) मध्ये बाप-लेक खरोखरच एकमेकांना भिडतात. पहिल्या चित्रपटात राहून गेलेलं बोलणं इथे हातघाईवर येऊन होतं. 'जस्टिस लीग व्हर्सेस टीन टायटन्स' (२०१६) मध्ये त्याला वयाच्या मुलांमध्ये पाठवलं जातं आणि रेव्हनशी त्याची मैत्री होते. २०२० च्या 'जस्टिस लीग डार्क: अपोकॉलिप्स वॉर'ने ही मालिका संपवली. या सगळ्यात डेमियनचा आवाज एकाच कलाकाराचा, स्टुअर्ट ॲलन याचा. त्यामुळे पोरगा मोठा होताना कानालाही जाणवतो. अनेक प्रेक्षक शेवटचा चित्रपट पाहून पुन्हा पहिल्याकडे गेले आणि तोच उद्धटपणा त्यांना वेगळा दिसला.

याउलट 'मेरी लिटिल बॅटमॅन' (२०२३) मध्ये डेमियन आठ वर्षांचा, गोड, उत्साही आणि बापावर जीव टाकणारा आहे. ख्रिसमसच्या आदल्या रात्री घरी एकटा राहिलेला हा मुलगा घरच्या लहानांसोबत पाहायला मस्तच. पण मग काही जुन्या चाहत्यांनी तक्रार केली, की हा तर डेमियनच नाही! तिखट केलं की खाववत नाही आणि गोड केलं की चव लागत नाही, अशी ही गंमत.

जानेवारी २०२३ मध्ये जेम्स गन यांनी 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' हा चित्रपट जाहीर केला. बॅटमॅन आणि डेमियन यांची जोडी, आधार मॉरिसन यांच्याच कथांचा. फरक असा, की यावेळी चित्रातला मुलगा नसेल. खऱ्याखुऱ्या लहान मुलाच्या हातात तलवार असेल, आणि त्याच्या वागण्याचा राग आला तर तो एका खऱ्या चेहऱ्यावर निघेल.