फळीचें नांव आणि तिची जकात

गिरगांवांतील चाळीच्या खोलींत माळा घालावयाचा असो, लालबागेंत गणेशोत्सवाच्या देखाव्याची मागची भिंत उभारावयाची असो, किंवा दादरला पुस्तकांसाठीं नवें कपाट करवून घ्यावयाचें असो. सुताराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फळी कोणती आणावयाची? साधें प्लायवूड, मरीन प्लायवूड, ब्लॉकबोर्ड कीं पार्टिकल बोर्ड? घरमालक भाव पाहतो, सुतार मजबुती पाहतो, आणि दोघांच्या तडजोडीनें निर्णय होतो. परंतु फळी परदेशांतून आलेली असेल, तर सुताराच्या करवतीखालीं येण्यापूर्वींच मुंबई बंदरांत किंवा न्हावाशेवा येथें तिला दुसऱ्या एका परीक्षेस उतरावें लागतें. तेथील प्रश्न वरवर अगदीं सोपा असतो : ही वस्तु आहे तरी काय?

या प्रश्नाच्या उत्तरावर जकात अवलंबून असते. दर मागाहून येतो. नांव अगोदर ठरावें लागतें. व्यापाऱ्यानें दुकानांत मालाला कोणतेंही नांव द्यावें, जकातीच्या पत्रकांत त्याला एकच घर असतें. हीं घरें सर्व जगांत सारखीं असावींत म्हणून १९८३ सालीं ब्रुसेल्स येथें आंतरराष्ट्रीय करार झाला व तो १ जानेवारी १९८८ पासून अमलांत आला. भारतानें १९७५ च्या कायद्याचें आपलें जकातपत्रक १९८६ सालींच या पद्धतीवर बेतलें. लांकूड व लांकडी वस्तु ४४ व्या प्रकरणांत येतात. पहिले सहा आंकडे करारांतील सर्व देशांत एकच असतात. भारत त्यांपुढें आपले आणखी दोन जोडतो.

या ४४ व्या प्रकरणांत शिरलें म्हणजे फळीची रचना बारकाईनें पाहावी लागते. लांकडाचा एकेरी पातळ पापुद्रा, ज्याला बाजारांत व्हिनिअर म्हणतात, ६ मिलिमीटरपर्यंत जाड असेल तर तो ४४०८ या सदरांत जातो. असे तीन किंवा अधिक पापुद्रे एकावर एक चिकटवून दाबले, आणि लागोपाठच्या थरांचे तंतू एकमेकांस आडवे ठेविले, कीं प्लायवूड तयार झालें. त्याचें सदर ४४१२. या आडव्याउभ्या रचनेस कारण आहे. दमट हवेंत लांकूड तंतूंच्या आडव्या दिशेनें पुष्कळ फुगतें, लांबीच्या दिशेनें फारच थोडें. एका थराच्या फुगण्यास शेजारचा थर आवर घालतो, म्हणूनच मुंबईच्या पावसाळ्यांतही चांगली फळी सहसा वांकत नाहीं. थरांची संख्या बहुधा विषम असते तीही याच समतोलासाठीं.

मध्यें लांकडाच्या जाड पट्ट्या बसवून वरखालीं पापुद्रे लावले तर तो ब्लॉकबोर्ड होतो. सर्व थरांचे तंतू एकाच दिशेनें ठेविले तर ती पुन्हां निराळी वस्तु होते. हीं सर्व भावंडें ४४१२ या एकाच छपराखालीं राहतात. मात्र २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सुधारणेनें त्यांच्या खोल्या, म्हणजे पोटसदरें, वेगवेगळीं करून दिलीं आहेत. प्लायवूडच्या बाबतींत बाहेरील थराची जातही पाहिली जाते. उष्ण कटिबंधांतील गर्जनाचा थर असेल तर पोटसदर एक, थंड देशांतील बर्चचा असेल तर दुसरें.

खरी फसगत होते ती एकसारख्या दिसणाऱ्या फळ्यांची. दोन पार्टिकल बोर्ड शेजारीं ठेवावे. दोन्ही सागवानासारखे दिसतात. एकावर खऱ्या सागाचा पापुद्रा आहे, दुसऱ्यावर सागाच्या रेषा छापलेला कागद. पहिला व्हिनिअर लावलेली फळी म्हणून ४४१२ मध्यें जातो, दुसरा ४४१० मध्येंच राहतो. दूरून न दिसणारा हा भेद फळीची कड नीट तपासली म्हणजे कळतो. उलटपक्षीं, फळी कापली, वांकविली किंवा तिला भोंकें पाडलीं एवढ्यानें तिचें सदर बदलत नाहीं. परंतु तिचें तयार दार झालें तर ती ४४१८ मध्यें जाते, आणि कपाटाचे सर्व भाग सुटे, पण एकत्र आले, तर तें फळ्यांचें गाठोडें न राहतां ९४०३ मधील कपाटच समजलें जातें.

अशा भेदांतून कज्जे उद्भवतात. ब्लॉकबोर्डासंबंधीं असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व त्याचा निकाल १९९५ सालीं लागला. शिलाँगचे केंद्रीय उत्पादन-शुल्क कलेक्टर आणि वूड क्राफ्ट प्रॉडक्ट्स ही कंपनी यांच्यांतील तो वाद देशांतील उत्पादन-शुल्काचा होता. पण त्या शुल्काचें पत्रकही आंतरराष्ट्रीय नामावलीवरच आधारलेलें होतें. भारतीय मानक संस्थेच्या परिभाषाकोशाचा आधार तेथें पुढें करण्यांत आला. न्यायालयानें सांगितलें कीं, त्या कोशाचा हेतु निराळा आहे. वर्गीकरणाविषयीं शंका आल्यास ज्या नामावलीवरून पत्रक रचलें तीच भरंवशाची वाटाड्या होय. ब्लॉकबोर्ड प्लायवूडच्याच सदरांत, तत्सम थरांचें लांकूड म्हणून, राहिला. फळी किती टिकाऊ आहे हें मानक सांगतें. ती काय आहे हें पत्रक सांगतें.

या काथ्याकुटाचें सामान्य गृहस्थास काय? २०११ पासून जकातीचा पहिला हिशेब आयातदारानेंच करून द्यावयाचा असतो. सदर चुकलें आणि जकात कमी भरली गेली, तर सरकार साधारणतः दोन वर्षांच्या आंत फरक व्याजासह मागूं शकतें. हेतुपुरस्सर खोटें सांगितलें असल्यास पांच वर्षांपर्यंत. तोंवर माल विकला गेलेला असतो. रे रोडवरील लहान व्यापाऱ्यास जुन्या गिऱ्हाइकांच्या दारीं जाऊन वाढीव पैसे मागतां येत नाहींत. त्याचें भांडवलच त्यांत जातें. सदर चुकून जकात अधिक भरली गेली, तर तो भार शेवटीं घरमालकाच्या बिलांत उतरतो. आणि कोणी मुद्दाम स्वस्त नांव लावून माल सोडविला, तर खरें नांव सांगणारा शेजारचा दुकानदार बाजारांतून उठतो.

हा धोका टाळण्याची सोयही कायद्यांत आहे. माल मागविण्यापूर्वींच त्याचें सदर कोणतें हें आयातदार अधिकृतपणें विचारूं शकतो. असा पूर्वनिर्णय देणारें प्राधिकरण २०२१ पासून दिल्लीप्रमाणें मुंबईंतही, बॅलार्ड इस्टेट येथील न्यू कस्टम हाउसमध्यें, काम करीत आहे. मात्र विचारणाऱ्यानें थर किती, जाडी किती, तंतू कोणत्या दिशेचे, वरचा पापुद्रा कोणत्या लांकडाचा, ही माहिती खरी व पुरी दिली पाहिजे. अर्धवट वर्णनावर मिळालेलें उत्तर दुसऱ्याच फळीचें ठरतें.

घरीं नवें कपाट करवितांना हेच चार प्रश्न सुतारास व दुकानदारास विचारण्यास हरकत नाहीं. चकचकीत पृष्ठभागावरून आणि मोठ्या नांवावरून फळीची पारख होत नाहीं. ती कडेवरून होते. जकात-अधिकारी जें बंदरावर पाहतो, तेंच गृहस्थानें दुकानांत पाहिलें, तर फळी विकणाऱ्यासही तिचें खरें नांवच सांगावें लागेल.